डॉइलच्या हातातली गाडी

“आवळ लेका, अजून आवळ. श्वास माझा आहे, पट्टा तुझा.”

वर्लिनच्या कानात हा आवाज पन्नासाहून जास्त वर्षं मुक्कामाला होता. हेल्मेटच्या आतून घुमत येणारा, थोडा थट्टेचा, थोडा घाबरलेला. डॉइल गाडीत बसलेला असायचा आणि वर्लिन दारातून अर्धा आत वाकून, एक गुडघा सीटच्या कडेला टेकून, त्याच्या खांद्यावरचे पट्टे ओढत असायचा. शर्यतीच्या गाडीत बसणाऱ्याला स्वतःचे पट्टे स्वतःला पुरते आवळता येत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी बांधावं लागतं, आणि तो दुसरा कोणी वाटेवरचा माणूस नसतो. इंडियानातल्या त्या मक्याच्या मुलखात, लग्नात नवऱ्यामुलाशेजारी कोण उभा राहणार यावरून कोणी रुसलं नसेल, पण पट्टे कोण बांधणार यावरून सख्खे भाऊ तुटलेले होते. डॉइलचे पट्टे वर्लिन बांधायचा. बांधता बांधता दोघं मिळून दोन ओळी म्हणायचे. त्या कुठून आल्या होत्या, देव जाणे.

आधी कंबर, मग खांदे,
मधे बापडा जीव नांदे.

‘नांदे’वर शेवटचा हिसका. मग वर्लिन दार लावून छपरावर दोन थापा मारायचा. सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा खांब असायचा, त्याला सगळे झाड म्हणायचे; त्या झाडावर हिरवा दिवा लागला की दोन गाड्या शेजारी शेजारी सुटायच्या आणि पाव मैलाचा सरळ रस्ता घटाघटा पिऊन टाकायच्या. मागे राहायचा तो जळक्या रबराचा वास, आणि धुरात उभा असलेला वर्लिन, ज्याच्या तळहातावर पट्ट्यांचे वळ असायचे.

आज त्याच्या चिमट्यात जो पट्टा होता तो गवताच्या पात्याएवढा.

घरामागच्या ज्या खोलीत त्याने जन्मभर लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या, तिथेच खिडकीशी त्याचं टेबल होतं. डोक्याला भिंगाची चौकट, समोर वीतभर लांबीची एक गाडी: डॉइलची एकेचाळीस सालची विलीज, खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याची. बाहेरून ती कधीच तयार झाली होती. चेरीच्या रंगाची, नाक वर करून उभी, एखादी घोडी पुढचे पाय उचलायच्या बेतात असावी तशी. राहिलं होतं ते आतलं. अशा छोट्या गाड्यांचे सुटे भाग दुकानात खोक्यात मिळतात; त्यात आत बसवायला एक अख्खा ठोकळा असतो, सीट, डॅशबोर्डची फळी, दारं सगळं एकातच ओतलेलं, साबणाच्या डबीसारखं. वर्लिनने तो हातात धरून पाहिला होता आणि केराच्या बादलीत टाकला होता. साबणाच्या डबीत डॉइल बसला नव्हता.

म्हणून आतलं सगळं तो कोऱ्यातून घडवत होता. प्लॅस्टिकचा पांढरा पातळ पत्रा कापून सीट केली, त्यावर बोथट पात्याने उभ्या वळकट्या ओढल्या. खऱ्या सीटच्या वळकट्यांत त्याने कधीकाळी मूठ मूठ कापूस भरला होता, लाल आणि पांढऱ्या. डोक्यावरची पोलादी कमान झाली ती तांब्याच्या तारेची. पट्टे कागदी चिकटपट्टीचे, डॉइलच्या दंडातून रक्त काढल्यावर लावतात तिचे. बकलं फ्यूजच्या तारेची. आणि घड्याळांची चकचकीत फळी नेल्डाच्या पुडिंगच्या ताटलीतून कापलेली. नेल्डा म्हणजे डॉइलची बायको. ती पर्सिमन नावाच्या फळाचं पुडिंग ॲल्युमिनियमच्या पातळ ताटल्यांत करायची, आणि वर्लिन यायला लागल्यापासून तिच्या घरात ताटली टिकत नव्हती.

“ताटल्या नेतोस आणि पुडिंग इथेच सोडून जातोस,” ती म्हणायची. “लोक उलटं करतात.”

“पुडिंगची गाडी होत नाही.”

“माझ्या पुडिंगची होईल. ते तुझ्या प्लॅस्टिकपेक्षा कडक असतं.”

गाडीच्या आतला एक फोटो असता तर हे सगळं सोपं झालं असतं. फोटो होते, पण सगळे बाहेरून. इंजिनाचे होते, नाकाचे होते, गाडीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरींचे होते. आतल्या अंधाराचा फोटो कोण काढतो? त्यात भर अशी की वर्लिनला जी गाडी हवी होती ती त्याने स्वतः पाहिलीच नव्हती. अडुसष्ट साली सरकारने त्याला व्हिएतनामला धाडलं. त्याच हिवाळ्यात डॉइलने गाडीचं पोट रिकामं करून आतलं सगळं आपल्या हाताने नव्याने बसवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती अशी पळाली की आजही म्हातारी माणसं तो हंगाम जेवणानंतर तोंडात घोळवतात. वर्लिन परत आला तेव्हा गाडी टेनेसीच्या कोणाला विकून झाली होती. त्या कोणीतरी ती खांबाला गुंडाळली आणि तिचं भंगार झालं. डॉइल तोवर नेल्डाचा नवरा झाला होता आणि शाळेची पिवळी बस चालवायला लागला होता. तीच तो केस पांढरे होईपर्यंत चालवत राहिला.

वर्लिन नव्हता त्या हंगामात डॉइलचे पट्टे नेल्डाने बांधले. हे त्याला परत आल्यावर कळलं. तेव्हा तो हसला होता. पण काही हसणी गिळलेल्या हाडासारखी असतात. गळ्यातून उतरतात आणि पुढे कुठेतरी अडकून बसतात.

“तू तर आत वाकायचीस,” काम सुरू केलं तेव्हा त्याने तिला विचारलं होतं. “काय होतं कुठे, सांग ना.”

ती भांडी पुसत होती. “मी पट्टे बघत होते वर्लिन, बाकी काही नाही. सीट तुझीच होती, लाल-पांढरी. ती त्याने बदलली नाही. एवढंच सांगता येईल.”

एवढंच पुष्कळ होतं. त्यावर तो कितीतरी दिवस जगला.

डॉइलला विचारायची सोय उरली नव्हती. आधी त्याची नावं गेली, मग रस्ते गेले, मग गेल्या हिवाळ्यात शब्दच आटले. मागच्या काचेच्या खोलीत, मक्याच्या शेताकडे तोंड केलेल्या मोठ्या खुर्चीत तो बसायचा. माणसाकडे बघायचा ते कापणी झालेल्या शेताकडे बघावं तसं, की इथे काहीतरी उभं होतं खरं. वर्लिनला त्याने ओळखलं त्यालाही आता बरेच महिने होऊन गेले होते. वर्लिन यायचा, शेजारी बसायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि घरी जाऊन जेवायचा नाही.

मग या वसंतात एके दुपारी वर्लिन काचेच्या खोलीच्या दारात उभा राहिला, आणि डॉइलचे हात हलले.

आधी डावा हात डावीकडे वर गेला आणि त्याने हवेतला एक खटका वर केला. डोळे वर उचलले गेले, समोर, कपाळाच्या रेषेच्या थोडे वर. मग उजवा हात पुढे आणि बाजूला गेला, हवेत मूठ वळली, काहीतरी पकडलं, आपल्याकडे ओढलं. मूठ तशीच धरून तो थांबला. ओठ हलत होते. मग त्याने ते जे काही होतं ते परत पुढे लोटलं, दोन्ही हात समोर आणले आणि गोल काहीतरी धरलं.

 वर्लिन तिथेच पायरीवर बसला.

“नेल्डा, अगं नेल्डा, इकडे ये. तो गाडीत आहे.”

ती पदपथावरची पानं झाडत होती. झाडू घेऊनच आली, बघत उभी राहिली. वर्लिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता.

“इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा खटका. बघितलंस? डावीकडे वर. मग दिव्यांच्या झाडाकडे बघितलं. आणि तो उजवीकडचा दांडा, तो काय असेल? नेल्डा, त्याच्या हातात सगळं आहे. मला तो ओळखत नाही, नको ओळखू दे. पण मला बघून त्याला गाडी आठवली.”

नेल्डाने झाडूची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. “चहा टाकते,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून वर्लिनचं उसवलेलं आयुष्य पुन्हा टाक्यात आलं. तो दुपारी उशिरा यायचा. सकाळी येऊ नको, सकाळी तो झोपेत असतो, असं नेल्डानेच सांगितलं होतं. दारात उभं राहिलं की हात हलायचे. वर्लिन खिशातली शिंप्याची टेप काढून हवेतली अंतरं मोजायचा, खांद्यापासून मुठीपर्यंत, गुडघ्यापासून स्टिअरिंगच्या चाकापर्यंत. घरी जाऊन तीच अंतरं पंचविसाने भागायचा. एका माणसाच्या अंधारातून दुसरा माणूस एकेक वस्तू उचलून उजेडात मांडत होता. खटका तयार झाला, टाचणीच्या डोक्याचा. चाक तयार झालं, सोल्डरची तार औषधाच्या बाटलीच्या झाकणाला गुंडाळून.

चाकाशी तो थोडा अडखळला. डॉइलचे हात फार लांब लांब पडायचे. एवढं रुंद चाक शर्यतीच्या गाडीत कोण ठेवतं? पण मग त्याला वाटलं, मूळ विलीजचंच जुनं चाक ठेवलं असणार, डॉइलला जुन्याची माया होती. कधी डॉइल हातावर हात टाकून चाक पुरतं वळवायचा. सरळ रस्त्यावर वळवायचं काय? तर शर्यत संपल्यावर मागच्या वाटेने परत येताना वळावं लागतंच की. ज्याला मानायचंच असतं त्याला कारणं अंगणातच उगवतात.

राहिला तो उजवीकडचा दांडा. त्यावर वर्लिनने कित्येक दिवस घालवले आणि शेवटी ठरवलं की तो पॅराशूटचा. गाडीचा वेग त्या हंगामात एवढा वाढला होता की नुसत्या ब्रेकने ती थांबली नसती. मागे पॅराशूट बांधलं असणार, आणि ते सोडायचा दांडा उजव्या हाताला. ओढला की पॅराशूट फुलणार. फक्त एक होतं. पॅराशूटचा दांडा एकदा ओढला की संपलं, तो परत कोणी लोटत नाही. डॉइल दर वेळी लोटायचा.

“शिस्तीचा माणूस,” वर्लिन स्वतःशी म्हणाला. “वापरलेली वस्तू जागेवर ठेवणारा.”

ऑक्टोबरात जुन्या शर्यतवाल्यांचा मेळावा भरायचा, आगीच्या बंबाच्या शेडमध्ये. धावपट्टीवर आता सोयाबीन होतं आणि माणसं वर्षाला थोडी थोडी कमी होत होती, पण काचेचं एक कपाट मांडायचे, त्यात कोणाचं हेल्मेट, कोणाचा चषक. या वर्षी मधल्या फळीवर डॉइलची विलीज ठेवायची असं क्लीटने स्वतः ठरवलं. क्लीट म्हणजे डॉइलचा जन्माचा वैरी. दर रविवारी त्याच्याकडून हरलेला, आणि म्हणून त्याच्यावर जीव असलेला. वर्लिनला त्याने जेवणाच्या हॉटेलात गाठलं. समोर पावाच्या चारी बाजूंनी लोंबणारा तळलेला मांसाचा तुकडा होता आणि क्लीट त्याच्या कडा आधी खात होता, लहान पोरं खातात तसा.

“झाली का रे तुझी बाहुलीची गाडी?”

“आतलं होत आलंय. पॅराशूटचा दांडा तेवढा बसवायचा आहे.”

क्लीटचा घास थांबला. “कसलं पॅराशूट?”

“डॉइलच्या गाडीचं. शेवटच्या हंगामातलं.”

“पॅराशूट नव्हतं तिला.”

“तुला काय ठाऊक? तू ती गाडी पुढून कधी पाहिलीस? जन्मभर मागूनच बघितलीस.”

“म्हणूनच सांगतोय ना,” क्लीट शांतपणे म्हणाला. “पॅराशूट कुठे बांधतात? मागे. तिचं ढुंगण मला माझ्या बायकोच्या तोंडापेक्षा पाठ आहे. काही नव्हतं तिथे.”

शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. वर्लिनही हसला. पण कॉफीचा कप त्याने बाजूला सारला.

“त्याचे हात सांगतात,” तो म्हणाला. “तुझ्या डोळ्यांपेक्षा मी त्याचे हात मानतो.”

क्लीटने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग नजर ताटात घातली. “मान बाबा,” तो म्हणाला. “मानण्यासारखं आता राहिलंय तरी काय आपल्याकडे.”

घरी आल्यावर वर्लिनने भिंग लावलं आणि काढलं, लावलं आणि काढलं. दांडा तयार होता, सुईच्या तुकड्याचा, टोकाला काळ्या रंगाचा थेंब. तो बसवला आणि क्लीटचं खरं असलं तर गाडी खोटी. नाही बसवला तर डॉइलचे हात खोटे. आणि हात खोटे असले तर मग दर दुपारी दारात उभं राहिल्यावर तिथे काय होत होतं? कोणाला बघून हलत होते ते? वर्लिन हा प्रश्न फार पुढे नेऊ शकला नाही. त्याने दांड्याच्या बुडाला गोंदाचा थेंब लावला आणि दांडा बसवला. बोट काढलं तेव्हा तो सरळ उभा होता, जणू आधीपासून तिथेच होता.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तो बुटांच्या खोक्यात गाडी आणि डोक्यावर भिंग घेऊन डॉइलकडे गेला. आतला भाग वेगळा, वरचं कवच वेगळं. कवच एकदा चिकटवलं की आतलं कायमचं बंद, मग खिडकीतून दिसेल तेवढंच. ते चिकटवणं त्याला डॉइलसमोर करायचं होतं. बाहेर मक्याची कापणी चालली होती, यंत्राची धूळ उन्हात तरंगत होती, आणि काचेच्या खोलीत सगळं मक्याच्या पिठासारखं पिवळं झालं होतं.

“पाय पूस,” नेल्डा स्वयंपाकघरातून म्हणाली. “आणि खोकं त्या खुर्चीवर ठेवू नको, ओली आहे.”

तो दारात उभा राहिला. डॉइलने डोळे वर उचलले. डावा हात वर गेला. उजवा हात पुढे गेला, मूठ वळली, दांडा ओढला गेला. डॉइल थांबला, ओठ हलले. वर्लिन पायऱ्या उतरून आत आला, शेजारी बसला. मूठ पुढे गेली. दांडा जागेवर बसला.

“बघ,” वर्लिन हलकेच म्हणाला. “आणलीय.”

त्याने गाडीचं पोट डॉइलच्या मांडीवर ठेवलं. लाल-पांढरी सीट, तांब्याची कमान, फ्यूजची बकलं, पुडिंगच्या ताटलीतली फळी, तिच्यावर तिळाएवढी घड्याळं. पंचविसाव्या हिश्श्याचा एक माणूस आत बसला असता तर त्याला श्वास घ्यायला जागा पुरली असती. डॉइलने खाली बघितलं. त्याचा अंगठा सीटवरून फिरला, दांड्याला लागला, पुढे गेला. मग त्याने ती वस्तू उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली, नीट, न आपटता, कोणाची तरी विसरलेली वस्तू बाजूला ठेवावी तशी. आणि पुन्हा समोर बघायला लागला.



“दमला असेल,” वर्लिन म्हणाला.

नेल्डा हात पुसत आली. तिने गाडीचं पोट उचललं, वर्लिनच्या डोक्यावरचं भिंग न विचारता काढून आपल्या डोळ्यांना लावलं आणि खिडकीशी गेली. ती बराच वेळ बघत होती. इतका वेळ की वर्लिनला तिच्या पाठीवरून काही वाचता येईना.

“पट्टे बरोबर आहेत,” ती म्हणाली. “खांद्यावरचे मागे असेच फुलीसारखे जायचे. डावा वर, उजवा खाली. माझं बोट एकदा त्यात अडकलं होतं, नख काळं पडलं.”

“आणि बाकी?”

ती अजून भिंगातूनच बघत होती. वर्लिनने खोक्यातून चेरीच्या रंगाचं कवच काढलं, गोंदाची नळी काढली, झाकण फिरवलं. त्याचा उजवा डोळा आता नीट बघत नव्हता. अशी दुसरी गाडी त्याच्या हातून होणार नव्हती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

“क्लीट म्हणतो पॅराशूट नव्हतं,” तो म्हणाला. आवाज त्याने फार सहज ठेवला होता. “त्याला काय कळतंय? दे इकडे. याच्यादेखत लावून टाकतो, म्हणजे उद्या घाई नको.”

त्याने हात पुढे केला. नेल्डाने गाडी दिली नाही.

“थांब,” ती म्हणाली.

तिने भिंग काढलं. त्याचा दाब तिच्या कपाळावर उमटला होता. ती डॉइलच्या खुर्चीच्या हातावर बसली, नवऱ्याच्या केसांतून तिने एकदा बोटं फिरवली, आणि वर्लिनकडे न बघता, बाहेरच्या धुळीकडे बघत बोलायला लागली.

“चाक एवढंसं होतं वर्लिन, जेवणाच्या ताटाएवढं. डावीकडे वर काही नव्हतं, उघडा पत्रा होता, माझी बाही त्याला लागून फाटली होती. पंपाचा खटका खाली होता, गुडघ्याशी. उजवीकडे गिअरचा दांडा होता, जमिनीतून वर आलेला, टोकाला पांढरा गोळा. पॅराशूट नव्हतं. मी सगळं पाहिलंय. सबंध उन्हाळा मी त्या गाडीत अर्धी आत होते, मला कसं दिसणार नाही? तू विचारलंस तेव्हा सांगितलं नाही, तो एक उन्हाळा तेवढा माझा होता.”

वर्लिनच्या हातातल्या नळीच्या तोंडाशी गोंदाचा थेंब फुगत होता.

“मग हा काय करतो?” त्याने विचारलं.

“बसचं दार उघडतो.”

डॉइल समोर बघत होता. शेतातलं यंत्र वळणावर गेलं आणि आवाज थोडा खाली आला.

“डावीकडे लाल दिव्यांचा खटका. तो आधी लावायचा, म्हणजे मागच्या गाड्या थांबतात. डोळे वर करतो ते आरशात, पोरं बसली का बघायला. मग दार ओढतो. पोरं चढेपर्यंत धरून ठेवतो, ओठांनी मोजतो. मग लोटून बंद करतो. दुपारी शाळा सुटायच्या वेळेलाच करतो, म्हणून तुला दुपारी यायला सांगितलं. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं. पण तू पायरीवर बसून रडत होतास आणि हसत होतास, आणि मी चहा टाकला. मग दुसऱ्या दिवशी तू टेप घेऊन आलास. या घरात दुसरं कोण येतं रे?”

तिने तळहाताने डॉइलच्या शर्टाची कॉलर सरळ केली, जी सरळच होती.

“गाडी त्याच्यात नाही आता. मी करून पाहिलंय. पडू नये म्हणून खुर्चीला पट्टा आहे ना, तो बांधताना एकदा मी म्हटलं, आधी कंबर, मग खांदे. पुढचं मी बोलले नाही, थांबले. मला वाटलं पुढचं तो म्हणेल. पुष्कळ वेळ थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला वाटलं मी त्याला बांधून घालते आहे. घाबरला. तेव्हापासून मी ते म्हणत नाही.”

गोंदाचा थेंब सुटून वर्लिनच्या गुडघ्यावर पडला. त्याने तो पुसला नाही.

“म्हणजे मला बघून...” तो म्हणाला.

नेल्डाने आता त्याच्याकडे बघितलं. गाडीचं पोट अजून तिच्या ओंजळीत होतं, सीट वर करून, पट्टे फुलीसारखे.

“तुला बघून तो दार उघडतो वर्लिन. एवढं खरं आहे. याच वेळेला क्लीट येऊन गेला, पाद्री येऊन गेला, त्यांच्यासाठी नाही उघडत. तू दारात उभा राहिलास की थांबतो, आणि तू आत येऊन बसलास की मगच बंद करतो. पण तुला कोण समजून आत घेतो, कोणाचं पोरगं समजून, ते मला नाही माहीत. तू नव्हेस, एवढं मात्र माहीत आहे.”